ह्यांना इथेही

त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो. मी आणि शौनक.

बाकीची पोरं गोरी, चिनी, लेबनीज, एक सामोअन. सिडनीतली एक युनि, म्हणजे युनिव्हर्सिटी. पहिल्या वर्षाची ट्यूट. ट्यूट म्हणजे मोठ्या लेक्चरनंतरचा छोटा वर्ग. लेक्चर प्रोफेसर देतात, ट्यूटमध्ये आमच्यासारखे कंत्राटी लोक पोरांशी चर्चा करतात, निबंध तपासतात, शंका सोडवतात. विषय होता अमेरिकेची शासनव्यवस्था आणि राजकीय इतिहास. शिकवणारी मी.

निबंधांचे मार्क सकाळीच ऑनलाइन लागले होते. शौनकला जेमतेम पास मिळाला होता. त्याने लिहिलं होतं की अमेरिकेच्या राज्यघटनेने कधीच माणसामाणसांत फरक केला नाही, फरक केला तो काही वाईट लोकांनी. पुरावा एक नाही. मी खाली लिहिलं होतं, मूळ घटना पुन्हा वाच, माणसं मोजायचं कलम वाच.

वर्ग सुरू झाला तसं मी तेच कलम बोर्डावर काढत होते. घटना लिहिली गेली तेव्हा दक्षिणेकडच्या मालकांना त्यांचे गुलाम लोकसंख्येत मोजून हवे होते. लोकसंख्या जास्त तर प्रतिनिधिगृहात जागा जास्त. उत्तरेकडचे नाही म्हणाले. मग तडजोड झाली. एक गुलाम म्हणजे माणसाचे तीन पंचमांश. तो मोजणीत आला. मतदानात नाही आला. त्याच्या डोक्यावर त्याच्या मालकाची ताकद वाढली.

मी बोर्डावर तीन लिहिलं, खाली रेघ मारली. पाठ वर्गाकडे होती.

मागून आवाज आला. कुजबूज नाही. स्वच्छ, खणखणीत, पुणेरी वळणाचं मराठी.

"ह्यांना इथेही कोट्यातून घेतात वाटतं."

मी वळले. शौनक माझ्याकडे बघून हसत होता. छान हसत होता.

शेजारी बसलेल्या हॅनाने त्याला विचारलं, काय म्हणालास?

"नथिंग. मराठीत म्हटलं, शी'ज रिअली गुड."

हॅना माझ्याकडे बघून हसली. मनापासून. आणखी दोघंतिघं हसले. मागचा एक जण म्हणाला, "ऑ, दॅट्स नाइस, मेट."

सगळे माझ्याकडे बघत होते. शिक्षिकेचं तिच्या भाषेत कौतुक झालंय, आता ती काय म्हणते.

मी म्हणाले, "थँक यू."

हो. थँक यू म्हणाले. वळले आणि रेघेखाली पाच लिहिलं.

उरलेला वर्ग मी कसा घेतला मला सांगता येणार नाही. घेतला. काँग्रेसची दोन सभागृहं, राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार, न्यायालयाने दोघांवर ठेवायचा वचक. एका हातात सगळी सत्ता गेली की तो हात मारतो, म्हणून सत्ता तीन जागी वाटायची. दर सेमिस्टरला सांगते, तोंडपाठ आहे. तोंड बोलत होतं. कान मागेच राहिले होते, त्या एका वाक्यापाशी.

पोरं गेली. हॅना जाताना म्हणाली, "हॅव अ गुड वन." मी बोर्ड पुसला. खुर्चीवर बसले. राग आला असता तर बरं वाटलं असतं. लाज आली. लाज मला वाटत होती. त्याला नाही.

त्याला माझी जात कशी कळली? मीच सांगितली. म्हणजे आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. आमच्यात तेवढं पुरतं. पहिल्या आठवड्यात वर्ग संपल्यावर तो थांबला होता. "मॅम, तुम्ही मराठी ना? माझी आई पण मराठी." मला इतका आनंद झाला. इथे जन्मलेलं पोरगं, मराठी बोलतंय, तेही असं सुंदर. मी त्याला सांगितलं, मी परभणीची. त्याने विचारलं, आडनाव? युनिच्या पानावर माझ्या नवऱ्याचं आडनाव लागतं, त्यातून काही समजत नाही. त्याने माहेरचं विचारलं. मी सांगितलं. तो क्षणभर थांबला. "ओके. नाइस," म्हणाला आणि गेला.

एकोणीस वर्षांचं पोरगं. सिडनीत जन्मलं. भारतात सुट्टीपुरतं गेलेलं. त्याला माझं आडनाव वाचता आलं. युनिमधल्या एकाही प्रोफेसरला जे वाचता येत नव्हतं, ते त्याला येत होतं.

परभणीत चौथीत असताना आमचे गुरुजी वर्ग भरला की म्हणायचे, "सवलतवाली, उभी राहा." आम्ही उभं राहायचो. शिष्यवृत्तीसाठी हजेरी घ्यायची असायची म्हणे. ती बसूनही घेता आली असती. उभं राहिलं की गुरुजी बाकीच्यांना म्हणायचे, "बघा, ह्यांना सगळं फुकट. तुमच्या बापाला मात्र फी भरावी लागते." मागच्या बाकावरून हसू यायचं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायचे. घरी येऊन आईला सांगितलं तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "उभी राहा. पण मान खाली घालू नको." मी तरी घालत होते. दहा वर्षांच्या पोरीला मान वर ठेवणं जमत नाही.

अमेरिकेचा इतिहास मी ह्याच कारणाने धरला. कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं की तिथे एका जातीच्या, म्हणजे तिथल्या भाषेत एका रंगाच्या लोकांना वेगळा नळ होता, वेगळा डबा होता, वेगळी शाळा होती. मी वाचत होते आणि मला कुणी आमच्या गल्लीबद्दल सांगतंय असं वाटत होतं. मग वाचलं की ते लोक उठले. कोर्टात गेले, रस्त्यावर बसले, घटनेला दुरुस्त्या करायला लावल्या. त्या दुरुस्त्यांनाही पळवाटा काढल्या गेल्या. मत द्यायचंय? आधी कर भर. आधी वाचून दाखव. तुझा आजोबा मतदार होता का? होता तर परीक्षा माफ. गुलामाचा आजोबा कुठून मतदार असणार? मी तेव्हा एकटीच हसले होते. कडू हसू. आजोबांची परीक्षा आम्ही रोज देत होतो.

पुण्याला एमए केलं. इथे स्कॉलरशिपवर पीएचडी. ती स्कॉलरशिप कुठल्या कोट्यातली नव्हती. हे मी का लिहितेय? बघा. अजून मला सिद्ध करावंसं वाटतं. हे त्या एका वाक्याचं काम. कोट्यातली असते तर काय होतं? जे हक्काचं आहे ते घेतलं असतं तर मी कमी झाले असते?

घरी आले. आम्ही ब्लॅकटाउनला राहतो. दिलीप, माझा नवरा, इलेक्ट्रिशियन आहे. तो शिफ्टवरून येऊन बूट काढत होता. मी सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "सोड ना. पोरगं आहे."

"तुला कोणी साइटवर असं म्हटलं असतं तर?"

"म्हणतात की."

मी त्याच्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. त्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

"कोण म्हणतं?"

"आपलेच. सुपरवायझर सोलापूरचा आहे. जाऊ दे. तुझं कंत्राट पुढच्या सेमिस्टरला यायचंय. आत्ता तोंड उघडू नको."

तो आंघोळीला गेला. मी स्वयंपाकघरात उभी राहिले. दोघं एकाच घरात राहत होतो आणि दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट झाकत होतो. मला त्या रात्री शौनकपेक्षा जास्त राग ह्या झाकण्याचा आला.

दुसऱ्या दिवशी मी ग्रेसकडे गेले. ग्रेस म्हणजे ह्या विषयाची कोऑर्डिनेटर. कोणते ट्यूटर घ्यायचे ते तीच ठरवते. चांगली बाई. तिच्या दारावर रंगीत स्टिकर आहेत, इथे सगळ्यांचं स्वागत आहे असं सांगणारे. तिने चहा विचारला. मी सांगितलं, वर्गात एक विद्यार्थी मला जातीवरून बोलला.

"सॉरी, कशावरून?"

"कास्ट."

"ओह." तिने पेन हातात घेतलं. "नेमकं काय म्हणाला? इंग्रजीत सांग."

मी सांगितलं. देम, म्हणजे ह्यांना, इथेही कोट्यातून घेतात असं दिसतंय.

ग्रेसने ते मनात फिरवून बघितलं. "देम म्हणजे कोण?"

"मी."

"पण तू तर एक आहेस."

"माझ्यासारखे सगळे."

"हां. पण बघ, आजकाल आम्ही एका माणसालाही देम म्हणतो. बाई की पुरुष हे गृहीत न धरता. तो तसं म्हणत असेल?"

मी तिला काय सांगू? मराठीत 'ह्यांना' मानाने एकालाही म्हणतात. सासूबाईंना म्हणतात, डॉक्टरांना म्हणतात. आणि हाच शब्द जरा हनुवटी वर करून उच्चारला की एका शब्दात सगळी वस्ती बाहेर काढता येते. ऐकणाऱ्याला फरक कळतो. जिला म्हटलं तिला तर कळतोच. तो पोरगा मूर्ख नव्हता. त्याने असा शब्द उचलला की मी बोट दाखवलं तर तो म्हणेल, मी तर आदराने बोललो.

आणि तो तसंच म्हणाला. ग्रेसने त्याला मेल करून विचारलं, त्याने उत्तर दिलं की मॅमचा गैरसमज झाला, आमच्या भाषेत हा आदरार्थी शब्द आहे.

ग्रेसने मला पुन्हा बोलावलं. स्क्रीनवर युनिचं धोरण उघडलं होतं. वंश, रंग, धर्म, लिंग, अपंगत्व, वय. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं. "कास्ट इथे नाहीये," ती म्हणाली. वाईट वाटल्यासारखं म्हणाली. "आणि तुम्ही दोघंही भारतीय आहात. मला वाटतं ही तुमच्या कम्युनिटीतली गोष्ट आहे. तुम्ही आपसात बोलून बघाल का?"

हीच बाई दर सेमिस्टरला पहिल्या लेक्चरमध्ये सांगते की विषमता कायद्याच्या कागदावर दिसत नाही, ती कागदात काय लिहिलेलं नाही त्यात बघायची असते. पोरं लिहून घेतात. मी पण एकदा लिहून घेतलं होतं.

त्याच आठवड्यात फोन आला. "मी मृणाल. शौनकची आई. तुझा नंबर मराठी मंडळाच्या ग्रुपवरून मिळाला. अगं, ये ना शनिवारी आर्व्होला, चारच्या चहाला. समोरासमोर बोलू. फोनवर काय."

आवाज गोड होता. मी गेले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं माफी मागतील. पोराला समोर बसवतील, सॉरी म्हण म्हणतील. मी तेवढ्यावर सोडून देणार होते. जाताना गाडीत मी माझं वाक्य पण ठरवलं होतं. ठीक आहे शौनक, अभ्यास कर.

गिरावीनला त्यांचं मोठं दुमजली घर. मृणाल जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, नवरा अनिरुद्ध हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. दोघं पन्नाशीच्या आतबाहेर. मला आग्रहाने सोफ्यावर बसवलं. चिवडा, ओल्या नारळाच्या वड्या, वाफाळता चहा. चांगल्या कपात, तसल्याच कपात त्यांनीही घेतला. हे मी बघितलं. आमच्यातला कोणीही बघतोच. मला वाटलं, उगाच शंका घेतेय मी.

"शौनक?" मी विचारलं.

"वर अभ्यास करतोय," मृणाल म्हणाली. "फार अपसेट आहे गं. दोन दिवस नीट जेवला नाही."

जेवला नाही. ही माझी चूक असल्यासारखं ती सांगत होती.

अनिरुद्ध म्हणाला, "हे बघ, आम्ही जातपात मानत नाही. आमच्या घरात हा विषयच निघत नाही. शौनकचे मित्र बघ, सगळ्या देशांचे आहेत."

"मग कोटा हा शब्द त्याला कुठे मिळाला?"

मृणालने बशी माझ्याकडे सरकवली.

"मी कधीतरी सांगितलं असेल," तो म्हणाला. "माझी सरकारी मेडिकलची सीट थोडक्यात गेली. माझ्यापेक्षा कितीतरी कमी मार्कवाला आत गेला. ते मी पोराला सांगितलं. त्यात जात कुठे आली? तो इतिहास आहे."

"पण तुम्ही डॉक्टर झालात."

"प्रायव्हेटमधून. बाबांनी प्लॉट विकला म्हणून."

"आमच्याकडे विकायला प्लॉट नव्हता," मी म्हणाले.

तो हसला. समजुतीने. रुग्णाशी बोलताना हसतात तसा. "तेच म्हणतोय. म्हणून तर तुमच्यासाठी सोय केली ना देशाने. आम्ही तक्रार केली का? तुझं कौतुकच आहे आम्हाला. तुझ्यासारख्या मुली इथपर्यंत येतात, बरं वाटतं."

मुली. मी त्याच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असेन. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं. तेही डॉक्टरच.

मग मुद्द्यावर आले. शौनकला पुढे लॉ करायचंय. तक्रार रेकॉर्डवर राहिली तर त्रास होईल. मी ग्रेसला एक ओळ लिहावी, गैरसमज होता, मिटला. अनिरुद्धची युनितल्या एका प्राध्यापकाशी चांगली ओळख होती, दोघं गोल्फ खेळतात. बदल्यात मला कायमची जागा मिळायला शब्द टाकता येईल.

"तुला तरी किती दिवस असं सेमिस्टर टू सेमिस्टर ताटकळत राहायचं?" मृणाल म्हणाली. खरंच काळजीने म्हणाली. हे सगळ्यात वाईट होतं.

मी म्हणाले, "त्याला खाली बोलवा. त्याने मला सांगावं की तो काय म्हणाला होता. बस."

अनिरुद्धचा चेहरा बदलला. समजूत गेली. खाली जे होतं ते वर आलं.

"इतकी वर्षं तुम्हाला वर आणलं," तो म्हणाला, "आता आमच्या पोरांना खाली ओढू नका."

तुम्हाला. एकटी मी समोर बसले होते.

"कोणी आणलं?" मी विचारलं.

अनिरुद्धने कप उचलून तोंडाला लावला.

"माझा बाप एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्या धुवायचा. आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. त्यांनी आणलं. तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

मृणाल म्हणाली, "अगं, आवाज कशाला चढवतेस, शेजारी..."

मी उठले. दारात चपला घातल्या. जिन्यावर शौनक उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आत्ता काहीतरी म्हणेल. त्याने नजर फिरवली नाही. खांदे उडवले आणि वर गेला.

बाहेर फुटपाथवर मी गाडीला टेकून उभी राहिले. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. डोक्यात एकच गोष्ट स्पष्ट होत गेली. हे सगळं चालतं कारण ते माझ्या भाषेत बोलतात आणि मी त्यांच्या सोयीने गप्प राहते. गोऱ्यांसमोर आपली अब्रू नको जायला म्हणून मी गप्प. कंत्राट जाईल म्हणून मी गप्प. त्याने वीस लोकांसमोर मला मारलं आणि ते मी हसून झाकलं. थँक यू म्हणून झाकलं. ही राखण मी कुणासाठी करत होते?

पुढच्या ट्यूटचा विषय होता चौदावी दुरुस्ती. गुलामगिरी संपल्यावर घटनेत घातलेली. जन्माने नागरिकत्व, आणि कायद्याचं समान संरक्षण. त्यानंतर कोर्टाने त्यातून कशी वाट काढली ते. वेगळं ठेवा, पण समान ठेवा. वेगळा डबा, पण डबा तोच ना? मग अन्याय कसला? अर्ध्या शतकाहून जास्त काळ हे वाक्य न्याय म्हणून चाललं.

हे सांगून झाल्यावर मी म्हणाले, "अपमान करणारी भाषा नेहमी शिवी नसते. तिचा अर्थ ज्याला लागायचा त्यालाच लागतो. एक उदाहरण देते."

आणि मी बोर्डावर देवनागरीत लिहिलं. मोठ्या अक्षरात.

ह्यांना इथेही कोट्यातून घेतात वाटतं.

शौनक ताठ झाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याचं नाव घेतलं नाही. कुणी, कुठे, कधी, काही सांगितलं नाही. एकेक शब्द घेतला. 'ह्यांना'. एका माणसासाठी मान, अनेकांसाठी कुंपण. 'इथेही'. म्हणजे तिथे तर घेतातच, आता इथेही. समुद्र ओलांडला तरी पाठ सोडली नाही. 'कोट्यातून'. कोटा काय असतो, कुणासाठी, किती पिढ्यांनंतर, ते सांगितलं. 'घेतात'. कुणीतरी घेतं, हे स्वतः येत नाहीत. 'वाटतं'. वाक्याच्या शेवटी ठेवलेली पळवाट. मी म्हटलं नाही, मला वाटलं.

सामोअन मुलगा, टासी, हळूच म्हणाला, "मिस, आमच्याकडे पण अशी वाक्यं असतात."

हॅना बोर्डाकडे बघत होती. मराठी अक्षरं तिला वाचता येत नव्हती. पण माझा उच्चार तिने ऐकला होता. मी वाक्य दोनदा म्हटलं होतं. ती हळूहळू शौनककडे वळली.

"हे तू म्हणाला होतास," ती म्हणाली. "त्या दिवशी. तू मला सांगितलंस, शी'ज रिअली गुड."

त्याने लॅपटॉप मिटला.

"मी हसले होते," हॅना म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "यू मेड मी स्माइल ॲट हर."

शौनकने बॅग उचलली. दार धाडकन लावून गेला. मला आनंद झाला नाही. मी खोटं सांगणार नाही, थोडं हलकं वाटलं. पण त्याच्या पाठीकडे बघताना मला त्याच्या बापाचा तो थोडक्यात गेलेला प्रवेश आठवला. त्या माणसाने तो राग एवढा जपून, एवढ्या लांब आणून, पोराच्या तोंडात घातला होता. पोरगं गुन्हेगार होतंच. पण शिकवलेलं होतं.

दोन दिवसांत ग्रेसचा मेल आला. विद्यार्थ्याच्या कुटुंबाने तक्रार केली होती. शिक्षिकेने वर्गात विद्यार्थ्याला लक्ष्य केलं, मानसिक त्रास दिला. गंमत बघा. माझी तक्रार धोरणात बसत नव्हती. त्यांची लगेच बसली. तिच्यासाठी शब्द होता, रकाना होता, अधिकारी होता.

मीटिंगमध्ये ग्रेससोबत एचआरचा माणूस होता. त्यांनी सुचवलं, मी दोन ओळींची माफी लिहावी. "विद्यार्थ्याला अस्वस्थ वाटलं याबद्दल खेद आहे," इतकंच. पुढे कोणाला काही करायला लागणार नाही. ग्रेस म्हणाली, "माझ्यासाठी हे सोपं होईल. पुढच्या सेमिस्टरला तुला पुन्हा घेता येईल."

मी विचारलं, "त्याने माझ्याबद्दल दोन ओळी लिहिल्या का?"

"ती वेगळी प्रक्रिया आहे."

"वेगळी. पण समान?"

ग्रेसने मान खाली घातली. तिला कळलं होतं. तिनेच हा विषय वीस वर्षं शिकवलाय.

मी म्हणाले, "मी लिहिणार नाही." उठले. त्या वेळी मला कळलं की माझी मान वरच आहे. कुणी सांगायला लागलं नव्हतं.

पुढच्या सेमिस्टरला माझे वर्ग गेले. कारण सांगितलं नाही. कॅज्युअलला, म्हणजे कंत्राटी माणसाला, कारण सांगावं लागत नाही, नुसतं बोलवायचं नाही. मी आता एका कोचिंग सेंटरमध्ये हायस्कूलच्या पोरांना इतिहास शिकवते. मृणालने मंडळाच्या ग्रुपवर काय सांगितलं माहीत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्या टेबलावर आम्ही दोघंच बसलो होतो. दिलीप म्हणाला, "चल, घरी जाऊ." मी म्हणाले, "जेवण झाल्याशिवाय नाही." आम्ही सावकाश जेवलो. श्रीखंड दोनदा घेतलं.

त्यानंतर महिन्याभराने दिलीप साइटवरून आला तेव्हा बूट न काढताच सांगायला लागला. त्या सुपरवायझरने पुन्हा काहीतरी टाकलं. ह्या वेळी दिलीपने हातातली पक्कड खाली ठेवली आणि म्हणाला, "हे सगळ्यांसमोर इंग्रजीत बोल." तो बोलला नाही. दिलीप सांगत होता आणि मध्येच थांबत होता. आम्ही दोघं पहिल्यांदा ह्या विषयावर बसून बोललो. लग्नानंतर बारा वर्षांनी.

मी युनिविरुद्ध राज्याच्या भेदभावविरोधी बोर्डाकडे तक्रार दाखल केली आहे. फुकट सल्ला देणाऱ्या लीगल सेंटरमधली तरुण वकील माझं काम बघते. तिने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं. ह्या कायद्यातही जात हा शब्द नाही. वंशपरंपरा असा एक शब्द आहे, त्यात बसवायचा प्रयत्न करू. बसेल असं नाही. हरण्याची तयारी ठेवा.

मी तिला म्हणाले, अमेरिकेची घटना पहिल्यांदा लिहिली तेव्हा तिच्यात माणसांसाठी 'समान' हा शब्द नव्हता. ज्यांना मोजलं पण मानलं नाही, त्यांच्या पोरांनी तो आत घालायला लावला. घातल्यावरही त्याचा अर्थ कोर्टात शंभर वर्षं भांडून काढावा लागला. हे मी पुस्तकातून शिकवत होते. आता मी स्वतः करणार आहे. ह्या देशाच्या कायद्यात तो शब्द नसेल, तर नसल्याची नोंद माझ्या नावावर होऊ दे. कोणा न्यायाधीशाला लिहावं लागू दे की अशी एक बाई आली होती, तिच्यावर हे झालं होतं, आणि आमच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता. पुढची बाई तो कागद घेऊन उभी राहील.

काल वकिलाचा फोन आला. युनि तडजोडीला तयार आहे. काही पैसे देतील, एक चांगलं शिफारसपत्र देतील. अट एकच. ह्याबद्दल कुठेही, कधीही, कोणाशी बोलायचं नाही.

"विचार करायला वेळ घ्या," ती म्हणाली. "ऑफर वाईट नाही."

मी वेळ घेतला नाही. तिला सांगितलं, त्यांना कळव. पैसे नको, पत्र नको. गप्प बसायची किंमत मी आजवर भरत आलेय, आता घेणार नाही. सुनावणी होऊ दे. दार उघडं ठेवून होऊ दे. जो येईल त्याने ऐकावं.

ती म्हणाली, "हराल तर?"

मी म्हणाले, "तर वरच्या कोर्टात."